तारीकाकांची फोनवही

शरयूताईंनी वही माझ्या हातात दिली.
"बाबांचं अक्षर तुलाच लागतं," म्हणाल्या,
"तूच कळव सगळ्यांना."
लाल कापडी बांधणी, कोपऱ्यावर कपाचा डाग,
आणि आत अर्धी मुत्रा.

भिकाजी तारी, नौदलातले सिग्नलमन.
सोळाव्या वर्षी वेंगुर्ल्याहून पळालेले,
एक्क्याण्णव्या वर्षी मस्कतच्या इस्पितळात
नर्सच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करता करता
मध्येच थांबलेले.

पहिला नंबर लावला. नाव नव्हतंच तिथे. लिहिलं होतं:
"तारलीवाला बलुची. मुलगा नापास झालाय, विषय काढू नये."
पलीकडे बराच वेळ नुसता बाजाराचा गलका.
मग तो म्हणाला, मुलगा आता क्रेन चालवतो बंदरात,
बाबांना सांगायचं राहून गेलं.

"हलवेवाला. डाव्या कानाने ऐकू येत नाही."
मला फोनवर डावा-उजवा कसा कळणार?
तीनदा ओरडून सांगितलं, तारी गेले, तारी गेले.
तो प्रत्येक वेळी विचारत होता, कुठे?

"कुट्टी, लाँड्री. खिशातले पैसे परत करतो.
मुलीच्या लग्नाला जाणे." पुढे: "जाऊन आलो. पायसम उत्तम."

पुढचा नंबर बंद. त्याच्यावर पेन्सिलीची बारीक फुली, तारीख.
मग फुल्याच दिसू लागल्या.
सत्तेचाळिसाव्या फुलीला मोजणं सोडलं.
शेवटची पानं मात्र निराळ्या कागदाची,
जाड दोऱ्याने शिवून नंतर जोडलेली,
तिथे सगळे नंबर नवे.

संध्याकाळी ते कॉर्निशवरच्या बाकावर बसत
आणि नांगर टाकलेल्या जहाजांवर टॉर्च मारत.
टिंब, रेघ, टिंब, टिंब.
पोलीस दोनदा आले. दुसऱ्यांदा आलेला शिपाई वहीत आहे:
"सालिम. मोर्स शिकतोय. एक टिंब नेहमी जास्त देतो."

"कधी कुणी उत्तर दिलं का हो?" मी एकदा विचारलं होतं.
"एकदाच. ब्याऐंशी साली. ग्रीक होतो तो.
इचारल्यान, जेवलंस मां?"
आणि स्वतःच खो खो हसले होते.

एवढा बोलका माणूस.
एकाहत्तरच्या डिसेंबराविषयी मात्र
पंचेचाळीस वर्षांत शरयूताईंना एवढंच सांगितलं:
पाणी गार होतं.

गोव्याच्या विमानाने गेले. कार्गोच्या कागदावर
वजन, पेटीसह, एकशे बारा किलो.
शेडबाहेर कडक उन्हात सगळे ताटकळत उभे,
कुणाची कुणाशी ओळख नाही,
आणि प्रत्येकाला दुसऱ्याची दुखणी तोंडपाठ.
तुमचा मुलगा ना क्रेनवर? तुमचा डावा कान ना?
पेटी आत गेली तेव्हा सालिमने
लोखंडी कठड्यावर बोटाने काहीतरी वाजवलं.
एक टिंब जास्त पडलं असावं.

रात्री वही परत उघडली. माझं नाव 'अ'मध्ये सापडलं,
गावावरून:
"अकोल्याचा. हिशेबनीस. समुद्राला घाबरतो. साखर कमी.
बोलत नाही; तरी विचारत राहणे."

दिवा तसाच ठेवून बसलो.
मग कुट्टीला पुन्हा फोन लावला.
सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.
विचारलं, जेवलात का?
तो म्हणाला, नाही अजून.
त्यांचे तीन शर्ट तयार आहेत इथे, इस्त्री झालेले.
एकाच्या खिशात टॉर्चचे सेल होते, काढून ठेवलेत.
कोणाकडे देऊ?